पेंग्विन येतो, बुलबुल येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून वर्कशीट आलं, पक्षी ओळखा आणि रंगवा. त्यात पेंग्विन, फ्लेमिंगो, शहामृग, टूकान आणि घुबड. पठ्ठ्याने पाचही बरोबर सांगितले, आणि तेव्हाच खिडकीबाहेर शेवग्यावर बुलबुल बसला होता, हा कोण विचारलं तर म्हणे "बर्ड". फ्लेमिंगो निदान उजनीला येतात तरी, टूकान कुठून आणायचा? पण नुसतं शाळेला नावं ठेवून काय उपयोग, आपण घरीसुद्धा एक घास चिऊचा एक घास काऊचा भरवतो आणि आपली यादी तिथेच संपते.

मग रोज गॅलरीत दहा मिनिटं बसायचं ठरवलं. दुर्बीण आणली होती पण एवढ्या लहान मुलांना त्यातून काही दिसत नाही, पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. फोनवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, आवाजावरून पक्षी सांगतं, चांगलं आहे, पण नातू पक्ष्याऐवजी फोनकडेच बघायला लागला म्हणून तेही बंद केलं. त्यापेक्षा तीन मापं शिकवली, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? आणि काय करतोय? बास, बाकी सगळं आपली मराठी नावं करतात. डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल तो लालबुड्या बुलबुल, हे नाव ऐकून नातू इतका हसला की आता तो जन्मात विसरणार नाही. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी, टोळकं करून कलकलाट करतात ते सातभाई, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चष्मेवाला.

घोळ झाला तो तांबटाचा. दुपारभर टुक टुक टुक, नातू विचारतो आजोबा कोणी मोटार दुरुस्त करतंय का. दोन दिवस शोधला, सापडेना, कारण हा हिरवा, पानांत मिसळून जातो आणि ओरडताना मान फिरवत राहतो त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय तेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उंबराच्या निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेला दिसला, चिमणीपेक्षा जरासा मोठा, कपाळ लाल, गळा पिवळा. चोच मिटलेली आणि गळा मात्र टुक टुक करत फुगतोय, हे माझ्या आधी नातवाने बघितलं. मग प्रश्न आला, तांबट म्हणजे काय? आता तांब्याचे हंडे, बंब घरात राहिलेत कुठे. शेवटी रविवारी कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन गेलो, तिथे एक कारागीर मठारकाम करत बसले होते, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके. नातू दोन मिनिटं ऐकत उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आजोबा, हे काका पक्ष्याची नक्कल करतायत!" काकांनी हातोडी खाली ठेवली आणि पोटभर हसले.

आता तुमच्याकडे काम. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली ते सालिम अली या दोघांच्या जन्मदिवसांच्या मधे, राज्यात पक्षी सप्ताह असतो तेव्हा फोटो छापून येतात, २० मार्चला चिमणी दिनाचे मेसेज फिरतात, मग वर्षभर शांतता. तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला गॅलरीतून दिसणारा एकच पक्षी द्या ना, मराठी नाव, खरा फोटो, कार्टून नको. आणि नर मादी दोन्ही दाखवा, कारण कोकिळा गाते असं आपण मुलांना बिनदिक्कत सांगतो, कुहू कुहू करणारा असतो काळा कुळकुळीत नर, ठिपक्याठिपक्यांची मादी शेजारीच बसलेली असते आणि मुलांना तो वेगळाच कोणी पक्षी वाटतो.

पेंग्विन मात्र कृपा करून नको, राणीच्या बागेत आहेत तेवढे पुरेत.

आपला,
एक आजोबा, पुणे