बत्तीस नावे छापता, गुणपत्रिका कधी छापणार?

महोदय,

एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, एप्रिलच्या अखेरीस होतो आणि जानेवारी उजाडला की आपल्या क्रीडा पानावर पहिल्या फेरीची भाकिते, म्हणजेच मॉक ड्राफ्ट, येऊ लागतात. बत्तीस संघ, बत्तीस नावे आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ: 'संघाची टॅकलची बाजू लंगडी आहे, हा त्यातला उत्तम टॅकल.' (टॅकल म्हणजे आक्रमणाच्या रांगेत कडेला उभा राहून अडवणारा.) वाचायला हे सुटसुटीत वाटते, पण पायाच चुकला आहे. यादी करणारा खेळाडूंना गुणानुक्रमे लावतो आणि वरून खाली वाटत जातो. खरा प्रश्न आहे तो त्या रात्री घड्याळ चालू असताना अमुक संघाचा जनरल मॅनेजर कोणते नाव देईल हा. २०२५ मध्ये शेड्यूर सँडर्सचे नाव कितीतरी याद्यांत पहिल्या फेरीत होते. प्रत्यक्षात तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँडकडे गेला.

सुरुवात क्रमापासून करावी लागते आणि गडबडही तिथूनच सुरू होते. प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना) न पोहोचलेले अठरा संघ पहिल्या अठरा जागांवर असतात. त्यांच्यात सर्वात कमी विजयवाला आधी. विजय सारखे असतील तर ज्याचे प्रतिस्पर्धी दुबळे होते तो आधी, कारण सोप्या सामन्यांतही जो हरला तो जास्त कमकुवत मानला जातो. १९ ते २४ वाइल्ड कार्ड, म्हणजे पहिल्या बाद फेरीत हरलेले, २५ ते २८ त्यापुढच्या फेरीतले, २९ आणि ३० कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांच्या) अंतिम सामन्यातले, ३१ सुपर बोल हा अखेरचा सामना हरलेला आणि ३२ जिंकलेला. म्हणजे जानेवारीत छापलेल्या यादीत १९ पासूनचे सगळे क्रम अंदाजपंचे असतात. शिवाय निवड, म्हणजे त्या क्रमांकावर खेळाडू घेण्याचा हक्क, कोणाच्या मालकीची आहे हे वेगळे पाहावे लागते. २०२४ ची पहिली निवड कॅरोलिनाच्या वाईट हंगामाची होती, पण वर्षभर आधीच्या सौद्यात ती शिकागोकडे गेली होती आणि केलेब विल्यम्स शिकागोला मिळाला. २०२३ मध्ये तर पहिल्या फेरीत ३१ च निवडी होत्या, कारण शिस्तभंगापोटी मायामीची निवड काढून घेतली होती.

मार्चच्या मध्यावर मुक्त (करार संपलेल्या) खेळाडूंची खरेदी सुरू होते. त्याआधी 'संघाची गरज' या शब्दाला फारसा अर्थ नसतो, कारण निम्म्या गरजा त्या पंधरवड्यात पैशांनी भागतात. मात्र खरेदी झाली की गरज संपली, असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक. मार्च २०२४ मध्ये अटलांटाने कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरचा करार केला. जवळपास सगळ्या यादीवाल्यांनी अटलांटापुढचा क्वार्टरबॅक खोडला आणि एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावाचा खेळाडू) लिहिला, बहुतेकांनी डॅलस टर्नर. अटलांटाने आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स हा क्वार्टरबॅकच घेतला. कझिन्स तेव्हा पस्तिशीत होता. कराराचा एकूण आकडा न पाहता खेळाडूचे वय आणि दोन वर्षांनंतरची स्थिती पाहिली असती, तर ती शक्यता निदान वीस टक्क्यांवर तरी ठेवता आली असती. गरज नेहमी दोन हंगाम पुढची मोजावी: पुढच्या वर्षी कोणाचा करार संपतो, कोण तिशी ओलांडतो, कोणाला मोठी पगारवाढ द्यावी लागणार.

त्या एका निवडीने पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या चौदा निवडी सगळ्या आक्रमणाच्या खेळाडूंच्या झाल्या, बचावाचा पहिला खेळाडू लायटू लाटू पंधराव्या क्रमांकावर इंडियानापोलिसकडे गेला आणि टर्नर सतराव्यावर मिनेसोटाकडे. आठव्या जागी चुकलेल्या यादीचे पुढचे आठ-दहा घर आपोआप कोसळले. मॉक ड्राफ्ट ही साखळी आहे. पहिल्या पाच निवडींपैकी प्रत्येकीची खात्री साठ टक्के धरली, तरी पाचही बरोबर येण्याची शक्यता जेमतेम आठ टक्के निघते.

क्वार्टरबॅकचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो, कारण तिथे पैशाचे गणित बाकी जागांपेक्षा वेगळे आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ च्या नव्या कामगार करारानंतर (लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला) त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी. नवखा क्वार्टरबॅक इतका स्वस्त झाला की चुकला तरी संघ बुडत नाही, आणि म्हणून गुणवत्तेच्या यादीत पंचविसावा असलेला क्वार्टरबॅक दहाव्या जागी जाऊ शकतो. पण याची दुसरी बाजू यादीवाले विसरतात. क्वार्टरबॅक खरोखर हवा असलेले संघ वर्षाला चार-पाचच असतात. त्यांनी नाकारले की मधल्या वीस संघांना त्याचे काहीच काम नसते. कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्यांवर पहारा ठेवणारा बचावाचा खेळाडू) घसरला तर चार-सहा जागा घसरतो; क्वार्टरबॅक घसरला की थेट जिना उतरतो. २००५ मध्ये ॲरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकापर्यंत आला तो असाच. २०२२ मध्ये केनी पिकेट विसाव्या जागी गेल्यावर दुसरा क्वार्टरबॅक थेट ७४ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्यामुळे क्वार्टरबॅकसमोर 'सतरा ते बावीसच्या दरम्यान' असे लिहिणे म्हणजे दोन शक्यतांची सरासरी काढणे. तो बहुधा एकतर वर जातो किंवा फेरीच्या शेपटाला.

शेपटाला का? पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष ठेवायचे की नाही हे संघ ठरवतो. बत्तिसाव्याच्या करारात ही सोय असते, तेहेतिसाव्याच्या करारात नसते. म्हणून २०१८ मध्ये बाल्टिमोर ५२ वरून ३२ वर चढले आणि लमार जॅक्सन घेतला. २०२५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स ३४ वरून २५ वर चढले आणि जॅक्सन डार्ट घेतला. यादी करताना २५ ते ३२ या जागांवर ज्याची निवड आहे त्याची गरज पाहाच, पण ३३ ते ४० मध्ये क्वार्टरबॅक नसलेला संघ बसला आहे का, हेही पाहा. असेल तर सौदा तिथे लिहा.

सौदे लिहायचे तर भावाचा अंदाज हवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये जिमी जॉन्सनच्या काळात बनलेला गुणांचा तक्ता आजही हाताशी ठेवण्याजोगा आहे: पहिली निवड ३०००, दुसरी २६००, पाचवी १७००, दहावी १३००, सोळावी १०००, बत्तिसावी ५९०. संघ आता आपापले वेगळे तक्ते वापरतात, तरी सौद्याचा साधारण आकार याने कळतो. २०२५ मध्ये जॅक्सनव्हिल पाचव्यावरून दुसऱ्यावर चढले. त्यांना २, १०४ आणि २०० या निवडी मिळाल्या: २६०० अधिक ८६ अधिक दहा-अकरा. त्यांनी दिल्या ५, ३६ आणि १२६: १७०० अधिक ५४० अधिक ४६. तूट साधारण ४१० गुणांची, आणि ती भरली २०२६ च्या पहिल्या फेरीच्या निवडीने. दुसऱ्या फेरीच्या मध्यावरची निवड तक्त्यात साधारण इतक्याच गुणांची आहे. पुढच्या वर्षीची निवड एक फेरी खाली धरायची, हा जुना नियम इथे अगदी चपखल बसतो. ज्या यादीत एखादा संघ विसाव्यावरून पाचव्यावर फक्त दुसऱ्या फेरीची एक निवड देऊन चढलेला दिसतो, ती पुढे वाचू नये. आणि सौदे तीन-चारच लिहावेत. प्रत्येक सौदा म्हणजे दोन संघांचा अंदाज एकदम बांधणे.

मोजमापांबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला होणाऱ्या कम्बाइनमधील (संघांसमोरची नव्या खेळाडूंची चाचणी) चाळीस यार्डांच्या धावेवर फार शाई खर्च होते. झेवियर वर्दी २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांत धावला आणि अठ्ठाविसाव्या क्रमांकावर गेला. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ मध्ये धावला आणि नवव्यावर गेला. वेगाने दार उघडते, खुर्ची कुठली ते ठरत नाही. टॅकलच्या हाताची लांबी हाही दरवर्षीचा वाद. विल कॅम्पबेलचा हात कम्बाइनमध्ये ३३ इंचांहून किंचित कमी भरला म्हणून अनेकांनी त्याला गार्ड (रांगेत टॅकलच्या आतल्या बाजूचा) ठरवून खाली ढकलले. न्यू इंग्लंडने चौथ्या क्रमांकावर टॅकल म्हणूनच घेतला. सर्वात जड वजन असते डॉक्टरांच्या अहवालाला, आणि नेमका तोच बाहेर दिसत नाही. मिशिगनचा कॉर्नरबॅक विल जॉन्सन २०२५ मध्ये गुडघ्याच्या शंकेवरून ४७ व्या क्रमांकापर्यंत घसरला. कम्बाइनला खेळाडूने धावायचे टाळले, प्रो डेलाही (कॉलेजात होणारी चाचणी) टाळले, एप्रिलमध्ये पुन्हा तपासणीला बोलावले, अशी चिन्हे दिसली की पहिल्या फेरीची खात्री कमी करावी.

'अमुक संघाने तमुकला भेटीला बोलावले' या बातम्यांचे वजनही माफकच धरावे. प्रत्येक संघाला आपल्या ठिकाणी तीस खेळाडू बोलावता येतात, स्थानिक खेळाडू त्यात मोजले जात नाहीत. तिसातला तो संघ स्वतः पहिल्या फेरीत घेतो एक, फार तर दोन. बाकीच्या भेटी डॉक्टरी शंका फेडायला, वागणूक पाहायला, किंवा इतरांची दिशाभूल करायला.

दिशाभुलीचा तर हंगामच असतो. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को मार्चच्या अखेरीस बाराव्यावरून तिसऱ्यावर चढले आणि महिनाभर 'मॅक जोन्सच' असे खात्रीने छापले गेले. घेतला ट्रे लान्स. जोन्स पंधराव्यावर न्यू इंग्लंडला गेला. २०२३ मध्ये ड्राफ्टच्या आठवड्यात एका निनावी पोस्टवरून सट्टाबाजारात विल लेविसचा पहिल्या क्रमांकाचा भाव उसळला. पहिल्या रात्री त्याचे नाव पुकारलेच गेले नाही, तो ३३ वा ठरला. बातमी आली की विचारावे, ती पसरून फायदा कोणाचा? खेळाडूच्या एजंटला तो वर जायला हवा असतो, विसाव्या जागेवरच्या संघाला तो खाली यायला हवा असतो.

संघांच्या सवयी मात्र उपयोगी पडतात. ग्रीन बेने २००२ नंतर पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर (कडेने धावून चेंडू झेलणारा) घेतला नव्हता, फिलाडेल्फियाने १९७९ नंतर लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) घेतला नव्हता. वर्षानुवर्षे त्या संघांसमोर ती जागा न लिहिणाऱ्यांचा फायदा झाला. आणि २०२५ च्या एकाच रात्री दोन्ही सवयी मोडल्या: ग्रीन बेकडे २३ वर मॅथ्यू गोल्डन, फिलाडेल्फियाकडे ३१ वर जिहाद कॅम्पबेल. सवय म्हणजे टक्का कमी करायचे कारण आहे, शून्य करायचे नव्हे.

कामाची रीत अशी. बत्तीस नव्हे, पंचेचाळीस ते पन्नास नावे घ्यावीत. प्रत्येक संघासमोर तीन नावे टक्क्यांसह लिहावीत आणि चौथा रकाना 'यांपैकी कोणी नाही' असा ठेवावा. वीसच्या पुढच्या जागांवर हाच रकाना सर्वात मोठा भरायला हवा. मग प्रत्येक खेळाडूची आडवी बेरीज करावी. एखाद्याच्या सगळ्या संघांतील टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेली, तर तो दोन ठिकाणी विकला गेला आहे. कोणा मोठ्या खेळाडूची बेरीज चाळीस टक्क्यांवरच अडकली, तर त्याचा संघ आपल्याला सापडलेला नाही. हा ताळा जमेपर्यंत अंतिम यादी लिहू नये.

आता आपल्याकडे मागणी. यादीवर तारीख आणि क्रमाची स्थिती छापावी. प्रत्येक निवडीला टक्का द्यावा. आणि ड्राफ्टनंतरच्या रविवारी त्याच पानावर गुण छापावेत: खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर १, संघही बरोबर असेल तर आणखी ३, क्रमांकही जुळला तर आणखी १, कमाल १६०. सौद्यामुळे क्रमांक हलला तरी संघाचे गुण मिळावेत, कारण अंदाज खरा तिथलाच असतो. शेजारी तुलनेसाठी सर्वाधिक याद्यांत आलेल्या नावांची एक सरासरी यादीही ठेवावी. ती नुसती उतरवून काढली तरी बत्तिसातली पंचविसाच्या आसपास नावे पहिल्या फेरीत सापडतात, त्यामुळे 'आमची सत्तावीस नावे बरोबर' ही फुशारकी फारशी नाही. खेळाडू आणि संघ यांची जोडी किती वेळा जुळली ते सांगा. प्रत्येक जागी सरासरी तीस टक्के खात्री असेल, तर बत्तिसात नऊ-दहा जोड्या जुळायला हव्यात. तीन जुळल्या, तर पुढच्या वर्षी टक्के खाली आणायचे आणि कारण शोधायला सुरुवात क्वार्टरबॅकच्या रकान्यापासून करायची.

आपला,
क्रीडा पानाचा एक वाचक