हार्डनिंग (बाहेरच्या हवेची सवय) न करताच पाठवलेली सफेद मुसळीची रोपं, पैसे परत मिळणेबाबत

साहेब नमस्कार,

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. जूनमध्ये तुमच्या लॅबकडून सफेद मुसळी ह्या औषधी पिकाची ४,००० टिश्यू कल्चर (लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली) रोपं घेतली, १४ रुपयाला एक, ५६,००० रुपये आधी भरले मग तुमची गाडी निघाली. आज त्यातली १,३७० उभी आहेत, मी आणि घरच्यांनी वाफ्यावाफ्यात बसून मोजलीत. मुसळीचं बी नीट उगवत नाही, कंद घ्यावे तर परवडत नाहीत, म्हणून दोन गुंठ्यात ही रोपं लावून पुढच्या वर्षीचं बेणं घरीच करायचं असा हिशोब होता, तो सगळा कोलमडला.

फोनवर तुमचा माणूस म्हणतो सोलापूरचं ऊन सोसलं नाही. अहो ऊन आम्हाला माहिती नाही का, शेडनेट मारलं होतं, ड्रीप चालू होतं, पाऊस पडल्यावरच लावलं. आणि टिश्यू कल्चर आमच्याकडं नवीन नाही, करमाळ्याकडं कंदरला जाऊन बघा, टिश्यू कल्चरची केळी ह्याच उन्हात वाढून परदेशात जातात.

तिसऱ्या दिवशी मान टाकलेलं एक रोप उपटलं तर मुळाला बाटलीतली जेली तशीच चिकटलेली, बोटाला बुळबुळीत लागत होती आणि बुडाशी पांढरी बुरशी. ट्रेमध्ये कोकोपीट होतं पण मुळानं ते धरलेलंच नाही, आदल्या दिवशी बाटलीतनं काढून खोचल्यासारखं. त्या जेलीत साखर असते, धुतली नाही की बुरशी येणारच, हे तुम्हाला मी सांगायचं का? बाटलीत वाढलेल्या पानाला वरचं मेणाचं आवरण नसल्यातच जमा असतं, त्याची छिद्रं नीट मिटत नाहीत, म्हणून आधी दमट पॉलीहाऊस, मग शेडनेट (हेच सेकंडरी हार्डनिंग) असं काही आठवडे सवय लावून मगच शेतकऱ्याला द्यायचं असतं. बिलावर 'सेकंडरी हार्डनिंग केलेली रोपं' लिहून त्याचेच पैसे घेतलेत तुम्ही.

बॅच नंबर पण नाही बिलावर. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांची सर्टिफिकेशन सिस्टीम आहे, तुमची लॅब त्यात आहे का एवढं विचारलं तर साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून फोन ठेवला. जी जगलीत त्यांच्यातही काहींची पानं वेगळीच दिसतात, ती मुसळीच आहे का दुसरं काय ते मला लेखी पाहिजे, कारण औषधाला जाणारा माल आहे हा.

मेलेल्या २,६३० रोपांचे ३६,८२० रुपये परत करा. नवीन रोपं देतो म्हणू नका, हंगाम गेला. चार ट्रे आणि वाळलेली रोपं मी टाकून दिलेली नाहीत, फोटो सोबत जोडलेत, आठ दिवसात माणूस पाठवून बघून घ्या, नाहीतर हेच सगळं घेऊन मी सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

तुमचा ग्राहक,
मोहोळ तालुका, जि. सोलापूर