बडोद्यात कोठीजवळ अर्ज टाइप करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. आमच्या मोर्चाशी नाव जोडलं गेलं की घरात, चाळीत, नोकरीत काय होतं ते आम्ही पाहिलंय. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

प्राइडच्या, म्हणजे आम्हा समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या मोर्चाच्या, परवानगीचा अर्ज घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा मजकूर तयारच होता. पोलीस कमिशनरांचं नाव, मार्ग, वेळ, अंदाजे किती माणसं, सगळं. खाली अर्जदार म्हणून एकटी आमची तृतीयपंथी ताई. ‘तिला सगळे ओळखतातच, तिचं काय बिघडणार?’ असं बैठकीत ठरलं होतं. बाजारात दुकानोदुकानी फिरून जिचं पोट चालतं, तिचं काय बिघडू शकतं हे कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही टाइप करता करता थांबलात. म्हणालात, “फोन हिला येणार, ठाण्यात हिला बोलावणार, काही झालं तर जबाब हिचा. आणि भाषण कोण करणार?” भाषणाला दुसरी मुलं होती, अलकापुरीसारख्या उच्चभ्रू वस्तीतली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. बॅनरही त्यांच्याच हातात. मग तुम्ही अंगणवाडीच्या बायकांचं सांगितलंत. त्यांचे अर्ज तुम्ही टाइप केलेत, आणि तिथे सही करणारी बाईच माइकवर बोलते.

हेच मी बैठकीत सांगत होते, काका. तेव्हा ‘नंतर बघू’ झालं. वयस्कर पुरुषाने सांगितल्यावर मात्र सगळ्यांना पटलं. याचा राग मला आजही आहे. तुमच्यावर नाही.

ही भांडणं आमच्या बडोद्यातच आहेत असं नाही. न्यूयॉर्कच्या १९७३ च्या प्राइडमध्ये सिल्व्हिया रिव्हेरा ही तृतीयपंथी कार्यकर्ती तुरुंगात मार खाणाऱ्या आपल्या माणसांबद्दल बोलायला उभी राहिली, तर आपल्याच गर्दीने तिची हुर्यो उडवली. आपल्याकडे २ जुलै १९९९ ला कोलकात्यात पहिल्यांदा लोक चालले, तेव्हा ते जेमतेम पंधरा होते. नंतर माणसं वाढली, पैसा आला. आपल्या देशात हा पैसा बराचसा एचआयव्हीच्या प्रकल्पांतून आला, म्हणजे समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांकडे. बाईवर प्रेम करणाऱ्या बाया त्या हिशेबात नव्हत्याच. ज्याच्याकडे ऑफिस, त्याच्याकडे बैठक. ज्याच्याकडे बैठक, त्याच्याकडे मार्ग ठरवणं. त्यातही फील्डवर हिंडणार ताईसारख्या, आणि सही करणारे साहेब वेगळे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आम्हाला मोकळं केलं, पण ही उतरंड कुठल्याच निकालाने हलत नाही.

तुमच्या टेबलापाशीच अर्ज नव्याने झाला. हॉस्टेलमधली पोरं आणि ज्यांच्या घरी माहीत नाही, त्यांना तुम्ही आधी बाजूला काढलंत. पक्की नोकरी असलेल्यांना विचारलंत, “तुमची सही का नको?” दोघांनी केली. एक तर उठूनच गेला, पुन्हा बैठकीला आला नाही. ताईचं नाव राहिलं, तिला हवं होतं म्हणून, पण आता एकटं नव्हतं. आणि जे सही करतील तेच बोलतील, हे तिथेच कबूल झालं.

मार्गही बदलला. फतेगंजऐवजी कोठीवरून रावपुऱ्यातून सुरसागरापर्यंत. ताई गुजरातीत बोलली, तिला भाड्याने खोली मिळत नाही त्याबद्दल. रावपुऱ्यातले दुकानदार पायरीवर येऊन ऐकत होते. माझ्या मैत्रिणीने मराठीत सांगितलं की आम्ही दोघी एकत्र राहतो. बॅनर कोणी धरायचा यावरून आदल्या रात्रीपर्यंत वाद होता, आणि अजूनही सगळं मिटलेलं नाही. हिशेबाची वही अजून एकाच माणसाकडे आहे. ती मागायची आहे.

यंदाच्या अर्जात अर्जदार म्हणून माझंही नाव असेल. आईला सांगून झालंय. मंगळवारी सकाळी येते, टाइपिंगचे पैसे या वेळी घ्यायचे.

तुमची,
डांडिया बाजारातली मुलगी