फाटकातून परत पाठवलेला पाहुणा ‘आलाच नाही’ कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आला आहे. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, दापोली, तारकर्लीकडे निघणाऱ्या ज्या वाचकांनी अ‍ॅपवरून बंगला किंवा होमस्टे आरक्षित केला असेल, त्यांनी एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवावी. मालकाने ऐन वेळी दारात उभे केले नाही, तर मोबाइलवरचे ‘रद्द करा’ हे बटण आपल्या हाताने दाबू नये. समोरचा कितीही गोड बोलला तरी दाबू नये. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या नाताळच्या आठवड्यात अलिबाग तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात आम्ही तीन खोल्यांचा बंगला घेतला होता. पैसे दिवाळीतच पूर्ण भरून झाले होते. बरोबर सासूबाई, बहीण, तिचे यजमान आणि कॉलेजात जाणारी मुले. पेण मागे टाकून वडखळच्या कोंडीत अडकलो असताना बंगल्यावरच्या केअरटेकरचा फोन आला. “ताई, शेठ म्हणतात अ‍ॅपवर चुकून जुना रेट राहिलाय. रात्रीला सात हजार जास्त लागतील, कॅश. चालत असेल तर या.” मी म्हटले, आम्ही येतो, मग बोलू. पोहोचलो तर फाटकाच्या आत दोन परक्या गाड्या उभ्या आणि पडवीच्या कठड्यावर कोणाचे तरी टॉवेल वाळत घातलेले. म्हणजे रेटबिट काही चुकला नव्हता, बंगलाच दुसऱ्या पार्टीला दिला होता. आम्ही सात हजाराला तयार झालो असतो तर त्या पार्टीचे काय केले असते, हे मला अजून कळलेले नाही.

केअरटेकर गावातलाच पोरगा, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. शेठचा फोन लागत नव्हता. पोरगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तुम्ही तुमच्या मोबाइलवरून कॅन्सल करा ना, पैसे आपोआप खात्यात येतात.”

आमची भाची अशाच एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात काम करून आलेली आहे. तिने माझ्या हातातून फोनच काढून घेतला. यातली खुबी अशी: बहुतेक अ‍ॅपवर मालकाने आरक्षण मोडले तर त्याला दंड बसतो, त्या तारखा दुसऱ्याला विकता येत नाहीत, शोधयादीत त्याचे घर खाली जाते. तेच पाहुण्याने मोडले, आणि तेही मुक्कामाच्या दिवशी, तर पैसे बहुधा मालकाच्याच पदरात पडतात. म्हणजे आमच्याकडून एकदा बटण दाबून घेतले की शेठजींना दोन्ही पार्ट्यांचे भाडे मिळणार आणि कागदोपत्री ते स्वच्छ राहणार.

आम्ही बटण दाबले नाही. फाटकाचे, आतल्या गाड्यांचे, घराच्या पाटीचे फोटो काढले. अ‍ॅपमधल्या संवादात लिहिले, “आम्ही दारात उभे आहोत, आम्हाला आत घेतले जात नाही.” मदत क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकले. अंधार पडायला लागल्यावर सासूबाईंना किती वेळ गाडीत बसवून ठेवणार, म्हणून ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली तिथे वळलो. त्या बाईंनी मागच्या दोन खोल्या झाडून दिल्या, नेहमीचाच दर घेतला आणि रात्री गरम भात-आमटी वाढली. सुट्टी तशी वाया गेली नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. अ‍ॅपवर आमच्या आरक्षणापुढे शेरा होता: ‘नो-शो’. पाहुणे आलेच नाहीत! मालकाने तसे कळवले आणि कंपनीने ते मानले. भाडे गेले, कंपनीचे सेवा शुल्क गेले. परत आले ते फक्त साफसफाईचे शुल्क, कारण आम्ही राहिलोच नाही तर झाडायचे काय? हिशेब इतका काटेकोर की मला, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्या बाईला, क्षणभर कौतुकच वाटले.

तक्रारीला आलेले उत्तर ठरावीक होते: आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, मालकाशी परस्पर बोला. मालकाशी बोलायचे तर त्याचे नाव-पत्ता हवा, आणि अ‍ॅपवर फक्त बंगल्याचे गोंडस इंग्रजी नाव आणि हसऱ्या चेहऱ्याचे चित्र. इथपर्यंत आल्यावर बहुतेक माणसे हात झटकून मोकळी होतात. ‘जाऊ दे, कोकण आहे’ असेही एकाने मला ऐकवले. कोकणाचा यात काय संबंध, ते त्यालाच ठाऊक.

मी नियम वाचायला बसले. आणि माझी तक्रार नियम नसण्याबद्दल नाही, असलेले नियम फाटकापर्यंत पोहोचत नाहीत याबद्दल आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. ते वस्तूंइतकेच सेवांनाही लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. सेवा विकणाऱ्याने जाहिरातीप्रमाणे सेवा दिली नाही, तर पैसे परत करायला नकार देता येत नाही. ‘आम्ही मध्यस्थ’ म्हणणाऱ्या कंपनीनेही विक्रेत्याचे व्यावसायिक नाव आणि पत्ता ग्राहकाला दिसेल असा ठेवायचा असतो. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास वाद सोडवण्यासाठी लागणारी अधिक माहितीही द्यायची असते. हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रावर भागत नाही.

मला सर्वात उपयोगी वाटलेला नियम रद्द करण्याच्या शुल्काबद्दलचा आहे. ग्राहकाने आरक्षण मोडले तर कंपनीला शुल्क कापता येते ते एकाच अटीवर: कंपनीने स्वतः एकतर्फी मोडले तर तसाच भुर्दंड तिनेही सोसला पाहिजे. हा नियम वाचल्यावर मी माझ्याच आरक्षणाच्या अटी पुन्हा काढून पाहिल्या. पाहुण्याने किती दिवस आधी रद्द केले तर किती टक्के कापणार, याचा तक्ता होता. फाटकातून परत पाठवलेल्या पाहुण्याला कंपनी काय देणार, याबद्दल एक ओळ नव्हती.

ठरलेल्या भाड्यावर दारात वाढीव रक्कम मागणे हाही नुसता आगाऊपणा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे अ‍ॅप-संकेतस्थळांवर ग्राहकाला गंडवण्याच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात फसवणुकीचे तेरा प्रकार सांगितले आहेत. खरेदी नक्की झाल्यावर सांगितलेल्यापेक्षा जास्त रक्कम आकारणे हे त्यांतल्या ‘ड्रिप प्रायसिंग’मध्ये मोडते.

एवढे सगळे जमवून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. सोबत फोटो आणि संवादाच्या प्रती दिल्या. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. भाड्याची रक्कम खात्यात जमा झाली. सेवा शुल्काऐवजी मात्र कूपन आले, तेही पुढच्या आरक्षणावरच वापरता येईल असे. मी ते नाकारले आहे. मी सेवेचे पैसे भरले, सेवा मिळाली नाही. त्याच दुकानात पुन्हा जाण्याची सक्ती कशासाठी?

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. अनेकांना वाटते की बंगला रायगडात म्हणजे खेटे अलिबागला घालावे लागणार. २०१९ च्या कायद्याने ही अडचण काढून टाकली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला ठाण्यात. ती ऑनलाइनही दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर ‘सेवा मिळाली नाही’ या कारणावर बँकेकडे चार्जबॅकही, म्हणजे भरलेली रक्कम उलट फिरवून, मागता येतो. तो मात्र लगेच मागावा.

मालकांची बाजूही आहे. ज्या बाईंकडे आम्ही उतरलो त्यांनीच सांगितले, लोक फोनवर खोल्या धरून ठेवायला सांगतात, यांनी मासळी आणून ठेवली की संध्याकाळी फोन बंद. अशांना खरोखरच न आलेल्या पाहुण्याचा आगाऊ रकमेतून भुर्दंड वसूल करता आला पाहिजे, यात वाद नाही. म्हणूनच ‘नो-शो’ हा शेरा खोटा पडता कामा नये. तो ज्यांच्या संरक्षणासाठी आहे त्यांच्याऐवजी शहरात बसून बंगले चालवणारे शेठ तो वापरताहेत.

नकाराची कारणे तरी किती तऱ्हेची! नुसती मुले आहेत, नुसत्या मुली आहेत, आधार कार्डावर जवळचाच पत्ता आहे, लग्नाचे प्रमाणपत्र नाही. अविवाहित जोडप्याने एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, हे कोइमतूरच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे. मालकाला काही अट घालायचीच असेल तर ती पैसे घेण्याआधी, मराठीत आणि ठळक लिहावी. पैसे घ्यायचे ऑक्टोबरात आणि अट सांगायची डिसेंबरात फाटकाशी, हे चालणार नाही.

शेजारच्या गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी अशी अपेक्षा असते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची याचा निदान कागद असतो. आपल्याकडे पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. प्रामाणिक घरे तिच्यात येतात. ज्यांच्यावर नजर हवी ते बाहेरच राहतात.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पाहुण्याने मुक्कामाच्या दिवशी ‘प्रवेश नाकारला’ असे अ‍ॅपवर नोंदवले, की मालकाने ते खोडून काढेपर्यंत त्याला भाडे देऊ नये. तोवर ‘नो-शो’चा शेरा मारू नये. आणि कोकणातल्या प्रत्येक भाड्याच्या बंगल्याच्या जाहिरातीत मालकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापणे राज्याने बंधनकारक करावे. उन्हाळी सुट्टीच्या आधी यातले काय होऊ शकते, हे राज्याच्या पर्यटन संचालनालयाने आपल्या वृत्तपत्रातून वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)