टेबल सॉचा वाकडा फेन्स, गायब रायव्हिंग नाइफ आणि तुमचं ‘निराकरण’

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय : १० इंची टेबल सॉमधला (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीतला) धोकादायक दोष आणि कस्टमर केअरने केलेला अपमान

महोदय,

आज सकाळी तुमच्या माणसाने माझं बोलणं अर्ध्यावर तोडून फोन ठेवला. पाठोपाठ मोबाइलवर मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कसलं निराकरण? मशीन होतं तसंच शेडमध्ये प्लग काढून उभं आहे. म्हणून आता फोन नाही, हे पत्र.

फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवायचं ती पट्टी, लॉक केला की त्याचं मागचं टोक पात्याकडे सरकतं. मायटर स्लॉटपासून (टेबलावरच्या सरळ खाचेपासून) कॉम्बिनेशन स्क्वेअरने मोजलं, तर पुढच्या आणि मागच्या मापात दीड मिलिमीटरचा फरक आहे. पातं स्लॉटला समांतर आहे. एकाच दातावर खूण करून, तो दात पुढे आणि मागे आणून तेही तपासलं आहे, त्यामुळे दोष पात्यावर ढकलू नका. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे ॲलन बोल्ट सैल करून फेन्स सरळ केला, आवळला. लॉकचा दांडा दाबला की पुन्हा तेच.

दुसरं म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याच्या लगेच मागे उभी असणारी पत्ती. पुस्तिकेतल्या भागांच्या यादीत ती आहे, पेटीवरच्या फोटोत आहे, पेटीत मात्र नव्हती. पार्सल मिळालं त्याच दिवशी मी हे फोटोसकट कळवलं होतं.

हे दोन दोष एकत्र आले की काय होतं, हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको, पण तुमच्या फोनवरच्या लोकांना कुणीतरी सांगा. मागे मिटत जाणारा फेन्स लाकडाला पात्यावर चेपतो. पात्याचे मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलतात आणि कापणाऱ्याच्या दिशेने फेकतात. २५४ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४८०० फेरे घेतं तेव्हा दाताचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास जातो. कापलेली चीर मिटू नये आणि लाकूड मागच्या दातांवर चढू नये, यासाठीच रायव्हिंग नाइफ असते. तीच तुम्ही पाठवली नाही! फणसाची फळी उभी चिरत असताना ती सुटली आणि माझ्या कमरेजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला पोचा पडला. मी पात्याच्या रेषेत उभा राहत नाही म्हणून वाचलो.

आता आजचं संभाषण. तुमचं रेकॉर्डिंग काढून ऐका. हे सगळं शांतपणे सांगितल्यावर मला विचारलं, “सर, तुम्ही सुतार आहात का?” मी म्हटलं, नाही, घरामागच्या शेडमध्ये आवड म्हणून काम करतो. “मग शिकलात कुठे?” स्वतःच शिकलो, पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून. त्यावर तो हसला. हसला, महोदय! आणि म्हणाला, “यूट्यूबवर शिकलात ना सर, मग यूट्यूबवरच विचारा. हे मशीन जाणकार माणसासाठी आहे. एखादा मिस्त्री बोलवा, तो फेन्स लावून देईल.” मी म्हटलं, आणि रायव्हिंग नाइफ? “ती कुठल्याही फॅब्रिकेटरकडून पत्रा कापून बनवून घ्या.” माझ्या पात्याची चीर २.८ मिलिमीटर रुंद, पात्याची चकती १.८ मिलिमीटर जाड. नाइफ या दोन्हींच्या मधल्या जाडीची हवी, पात्याच्या रेषेत हवी, पात्याबरोबर वर-खाली व्हायला हवी. हे मला माहीत आहे आणि तुमच्या माणसाला माहीत नाही. मग यातला जाणकार कोण? आणि यूट्यूबवरच विचारायचं असेल तर पेटीवर कस्टमर केअरचा नंबर छापता कशाला?

स्वतः शिकणाऱ्या माणसाशेजारी उस्ताद उभा नसतो. रंधा, पटाशी, गुण्या यांवर हात बसायला मला बराच काळ लागला, आणि हात बसल्यावरच मी मशीनकडे वळलो. मशीनवर चूक दाखवणारं कुणी नसतं. तुमची पुस्तिका आणि तुम्ही बसवलेली सुरक्षा, एवढाच आधार. तो काढून घ्यायचा आणि वर ‘यूट्यूबवाला’ म्हणून हिणवायचं? तुमच्या जाहिरातीत घरच्या अंगणात टेबल बनवणारा बाप दाखवता, तो कुठल्या मिस्त्रीकडे उमेदवारी करून आलेला असतो?

माझं पहिलं ड्रिल तुमचंच आहे. आजही चालतं. त्या भरवशावर बाकीची दुकानं सोडून तुमचं मशीन घेतलं, याचं आज खरंच वाईट वाटतं. गणपतीसाठी फणसाचा चौरंग करायला घेतला होता, तो तसाच अर्धवट पडून आहे.

‘मशीन पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला आणा’ हे पुन्हा ऐकवू नका. मी चिपळूणजवळ राहतो. तीस किलोचं मशीन कुंभार्ली घाटातून मी का वाहून न्यायचं? वाकडा फेन्स तुम्ही पाठवलात, नाइफ तुम्ही पाठवली नाहीत, पुन्हा सांगतो, पहिल्याच दिवशी कळवूनही पाठवली नाहीत.

पंधरा दिवसांत नवा फेन्स आणि या मॉडेलची मूळ रायव्हिंग नाइफ घरपोच द्या, नाहीतर मशीन स्वखर्चाने उचलून पूर्ण पैसे परत करा. ‘निराकरण झाले’ ही नोंद रद्द करा आणि आजच्या संभाषणाबद्दल लेखी माफी पाठवा. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होईल आणि त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो तिथेच दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्याच कायद्याच्या कलम ८४ खाली सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर येते. तुमच्या वकिलांना रत्नागिरीला यावं लागेल.

मापांचे फोटो, पत्र्याच्या पोच्याचा फोटो, बिल आणि पहिल्या दिवशीच्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर मेसेजवर नको. जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र हवं.

तुमचा ग्राहक
(नाव, पत्ता व मशीनचा अनुक्रमांक बिलाच्या प्रतीवर)