किनाऱ्यावर जाणारी वाट मोकळी हवी

महोदय,

भरती-ओहोटीच्या रेषांमधली पुळण कोणाच्याही खासगी मालकीची नसते. वाद असतो तो तिथवर पोहोचणाऱ्या वाटेचा. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका हॉटेलाने अडवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल देताना, समुद्रकिनारा ही सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची संपत्ती आहे, हे तत्त्व ठामपणे मांडले. आमच्या गावात मात्र नव्या बंगल्यांच्या कुंपणांत जुनी पाणंद गडप झाली असून, जाळी खांद्यावर घेतलेल्या रापणकरांना, आणि हे विशेष क्लेशदायक आहे, वयस्कर मासेविक्रेत्या बायकांनाही मोठा वळसा घालावा लागतो. प्रशासनाने अशा वाटांची मोजणी करून त्या गावनकाशावर नोंदवाव्यात.

— एक वाचक, मालवण तालुका