ताईस, लाडवांच्या डब्यातून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. उचलला असतास तरी घरात कुणी ना कुणी कान देऊन बसलेलं असतं, आणि फोनवर माझं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढं जात नाही. अंगणवाडी सुटली, पोरं गेली, मदतनीस झाडलोट करून गेली. रजिस्टर मिटलं आणि त्याच पेनानं लिहायला बसले. हे पत्र लाडवांच्या डब्यात, वरच्या कागदाखाली ठेवीन. आबांना ठाऊक नाही.

आधीच सांगते, तुला एक गोष्ट विचारायची माझ्या मनात आहे आणि ती मी विचारणार नाही. तसं ठरवूनच बसले आहे.

सत्काराच्या दिवशी तुझं काही चुकलं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा बांधला, माइक हातात दिला. तू एवढंच म्हणालीस की हा फेटा एकटीचा नाही, दिल्लीत जंतरमंतरच्या फूटपाथवर ज्या कुस्तीच्या पोरी महिनाभर धरणं धरून झोपल्या त्यांचाही आहे. खालून कुणीतरी ओरडलं, "राजकारण नको, कुस्तीवर बोल." तू म्हणालीस, "कुस्तीवरच बोलतेय." मी बायकांत उभी होते. ओवाळायच्या ताटातली ज्योत हलत होती, मला वाटलं वाऱ्यानं. वारा नव्हता गं.

दिवे लागेपर्यंत ती क्लिप गावभर झाली, मग तालुकाभर. ज्या पोरांनी हलगी वाजवत तुला वेशीपासून आणलं, त्यांच्याच नावानं खाली काय काय लिहिलेलं धाकट्यानं मला वाचून दाखवलं. सगळं नाही वाचलं त्यानं, मधलं गाळत होता हे मला कळत होतं. 'फेटा काढून घ्या.' 'हिला आमदारकीचं तिकीट पाहिजे असेल.' 'ही पण विनेशसारखी शंभर ग्रॅमनं जाणार.' स्टँडवरचा तुझा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता.

आबांचं बोलणं तुला लागलं. "गावाच्या वर्गणीवर खुराक खाल्लास ते विसरू नको," म्हणाले. तू म्हणालीस, "वर्गणीत माझी जीभ विकली नव्हती." ते गप्प झाले ते अजून गप्पच आहेत. मी त्यांची बाजू घेत नाही. पण डेअरीवरून रोज लिटरभर दूध यायचं, त्याचं बिल कधी कुणी मागितलं नाही, हे तू लहान होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. माणसं एकदा 'आपली पोरगी' म्हणाली की त्यांना वाटतं, हिनं बोलायचं तेही आपल्याला विचारून बोलावं. वाईट माणसं नाहीत ती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

आबांचं एक ठरलेलं आहे ना, खाशाबांचं? १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांच्या पैशावर, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये दिले, आणि ब्राँझ घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. म्हणून माणसांशी वाकडं घ्यायचं नसतं. एवढी वर्षं मी हे ऐकून घेतलं. परवा पहिल्यांदा उलटून बोलले. म्हटलं, अहो, निवडीत अन्याय झाला म्हणून त्याच खाशाबांनी थेट पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली होती ना? परत कुस्ती लावायला लावली, ती मारली, तेव्हा कुठं हेलसिंकी दिसली. गप्प बसले असते तर बैलगाड्या कुठनं निघाल्या असत्या? आबा काही बोलले नाहीत. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा अंधारात म्हणाले, "ते खरं आहे." तुला कळवावं म्हणून लिहिलं.

आता माझं सांगते.

२०२३ च्या जानेवारीत विनेश, साक्षी, बजरंग पहिल्यांदा जंतरमंतरवर बसले, तेव्हा तू लांब होतीस. २३ एप्रिलला परत बसले तेव्हा तू गुडघा बांधून घरी होतीस. कुस्ती महासंघाचा अध्यक्ष, तो तेव्हा खासदारही, त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाचा नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला पोरींना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. टीव्ही चालू होता, मी भाकरी थापत होते आणि थापता थापता म्हणाले, "इतकी वर्षं गप्प का बसल्या मग?" तू ताटावरून उठलीस. भाकरीचा अर्धा चतकोर ताटात तसाच होता. मी म्हटलं, गुडघा दुखत असेल.

मग २८ मे. नव्या संसदेचं उद्घाटन आणि त्याच दिवशी या पोरी रस्त्यावर पडलेल्या, अंगाखाली तिरंगा, पोलीस उचलताहेत. संध्याकाळी बचत गटाच्या ग्रुपवर फोटो आला, पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता हसताहेत. 'बघा, नाटक.' ताई, मीही तो पुढं पाठवला. सात जणींना. ते हसू नंतर चिकटवलेलं होतं, खऱ्या फोटोत कुणी हसत नव्हतं, हे दोन दिवसांनी कळलं. मी माझ्या फोनमधून फोटो पुसला. त्या सात जणींना मात्र खोटा होता म्हणून कळवलं नाही. तुझ्या क्लिपखाली लिहिणाऱ्या पोरांना मी शिव्या देते आणि मग मला ते सात जणींचं आठवतं.

मला वाटायचं मोठ्या खेळाडूंनी तरी बोलावं. १९८३ च्या वर्ल्डकपवाले बोलले, नीरज बोलला. मुंबईत सचिनच्या घराबाहेर 'तुम्ही गप्प का' म्हणून बॅनर लागला. आणि पी. टी. उषा! १९८४ ला मी चौथीत होते, लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागानं तिचं पदक हुकलं तेव्हा माझ्या वडलांनी पेपरातला फोटो कापून भिंतीला चिकटवला होता. ती म्हणाली, रस्त्यावर बसणं बेशिस्तीचं आहे. नंतर पोरींना भेटायला गेली, पण आधीचं ऐकून माझ्या पोटात तुटलं. बाईनं बाईला असं म्हणावं? हे मी म्हणते, आणि मी काय म्हणाले होते भाकरी थापताना.

परत तिथंच आले.

शंभर ग्रॅमचं ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा माझ्या अंगणवाडीत आणून बसवावं असं वाटतं. माझ्या काट्यावर शंभर ग्रॅम वाढले की आईच्या तोंडावर जे दिसतं ते मी रोज बघते. आणि तुझं ५३ किलोच्या गटाचं वजन उतरवताना मी बघितलं आहे, मे महिन्याच्या उन्हात रेनकोट घालून पळणं, तोंडातली थुंकीसुद्धा बाहेर टाकणं, पाण्याचा तांब्या बघून डोळे भरणं. २०२४ च्या ६ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेशनं त्या जपानच्या सुसाकीला हरवलं, जी जपानबाहेरच्या कुणाकडून कधी हरलीच नव्हती, तेव्हा तू व्हिडिओवर ओरडत होतीस आणि इकडं आबा खाटेवर उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि गेलं सगळं. आणि आपल्याच देशातली माणसं म्हणाली, बरं झालं.

आबांचा एक मुद्दा मलाही पटतो, तो लिहिते, नाहीतर तू म्हणशील आई एकाच बाजूनं बोलते. एशियाडला विनेश आणि बजरंगला निवड चाचणीतून सूट दिली ते बरोबर नव्हतं. अंतिम पंघाल १८ वर्षांची पोर, ती कोर्टात गेली, तिचंही खरंच होतं. आणि विनेश पुढं काँग्रेसमध्ये गेली, जुलानातून आमदार झाली, म्हणून लोक म्हणतात पहिल्यापासून हेच डोक्यात होतं. मला तसं वाटत नाही. सगळे दरवाजे बंद झाल्यावर जो उघडा दिसेल त्यातनं माणूस जातो. त्या तेव्हाच्या खासदारानं सगळं नाकारलं आहे. वयानं लहान होती त्या मुलीचं प्रकरण २०२५ च्या मेमध्ये कोर्टानं बंद केलं, बाकीच्या बायकांचा खटला चालू आहे. त्याचा निकाल कोर्ट देईल. मी निकालाचं बोलत नाहीये.

तू रात्री फोन उशाशी घेऊ नकोस. कमेंट वाचू नकोस. वाचल्यास तर उत्तर देऊ नकोस. खोलीत एकटी झोपू नकोस, मैत्रिणीला बोलाव. पोलीस भरतीचा फॉर्म भर, खेळाडूंच्या जागा असतात, गुडघा जन्मभर साथ देत नाही. कुणी मुलाखत मागितली तर आधी वस्तादांना विचार. दूध बंद केलंस का? हरभरे भिजत घालत जा.

रागावू नकोस. उपदेश करायचा नाही असं ठरवलं होतं. तू चोवीस वर्षांची आहेस, तुला ठाऊक आहे काय करायचं ते. साक्षीनं कुस्ती सोडते म्हणून बूट टेबलावर काढून ठेवले आणि रडत उठून गेली, ते बघितलं तेव्हा मला तुझे पहिले मॅटचे बूट आठवले. बचत गटातून उचल घेऊन आणले होते, दोन नंबर मोठे, पुढं वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तू जिल्ह्याला खेळलीस आणि एकेरी पट काढून पोरीला चितपट केलंस. बूट सैल होता तो मॅटवरच राहिला आणि तू एका पायात बूट घालून माझ्याकडं पळत आलीस. ते बूट माळ्यावर आहेत. कुणाला देऊ नको म्हणाली होतीस.

मग त्या शिबिराचा ट्रॅकसूट का गं जाळलास?

मी विचारणार नव्हते. पण लिहिलं गेलं तर राहू दे, खोडत नाही. शिबिरावरून आलीस तेव्हा आठ दिवस डोक्याला तेल लावू दिलं नाहीस. मी मागून आले की दचकायचीस. न्हाणीतल्या बंबात काहीतरी जळल्याचा वास आला, विचारलं तर म्हणालीस, फाटला होता. फाटला नव्हता, ताई. मीच धुतला होता तो आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी राख काढताना चेनचं टोक सापडलं. ते मी टाकलं नाही. मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीखाली आहे. इतकी वर्षं रोज फोडणी देताना हाताला लागतं, आणि मी स्वतःला सांगते की पोरीला घराची आठवण आली असेल, कुस्ती हरली असेल, काहीही असेल.

काही नसेल तर काही नाही. माझं मन खोटं ठरलं तर मी देवळात नारळ फोडीन. पण असेल, तर मी 'इतकी वर्षं गप्प का' असं तुला विचारणार नाही. ते वाक्य मी त्या दिवशी बोलले नसते तर तू ताटावरून उठली नसतीस, कदाचित त्याच वेळी बोलली असतीस. आबांना मी सांभाळीन. गावाचं काय करायचं ते बघता येईल.

तुझा फ्लेक्स सापडला. खालच्या आळीत एकानं कडब्याच्या गंजीवर टाकला होता, तुझा चेहरा खाली, पाय वर. मी जाऊन मागितला. बाई ओशाळली, म्हणाली, पाऊस आला म्हणून टाकला हो. मी घरी आणून न्हाणीत धुतला. एका कोपऱ्याला फाटला आहे, बाकी बरा आहे. आबांनी घडी घालायला दुसरं टोक धरलं.

लाडू डिंकाचे आहेत, खारीक आज्जीनं कुटली. वरचे चार मैत्रिणीला दे. डबा परत पाठवताना रिकामा पाठवायचा नसतो, ठाऊक आहे ना. चिमूटभर साखर घाल, नाहीतर चिठ्ठी घाल. साखर आली तरी मी परत विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. त्या सात जणींना काल कळवलं. दोघींनी उत्तर दिलं.